गाडीच्या कंपनी फिटेड स्क्रीनवर फोन जोडायचा कसा? पहिल्यांदाच जोडणाऱ्यांसाठी

मागच्या मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या दोन दिवस आधी, अमळनेरहून आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे थोरले काका. "भो, मना फोन याम्हा काबर दिखत नही?" (माझा फोन यात का दिसत नाही?) त्यांनी नाशिकहून एक वापरलेली गाडी घेतली होती आणि सारंगखेड्याच्या यात्रेला सगळं घर तिच्यातून जाणार होतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की फोन लावला की नकाशा स्क्रीनवर येतो. दोन दिवस खटपट करूनही स्क्रीनवर ब्लूटूथची गाणी सोडून काही येत नव्हतं. संध्याकाळी मी जाऊन बसलो आणि तासाभरात काम झालं. त्यातली तीन-चतुर्थांश वेळ एका केबलने खाल्ली.

तेव्हापासून घरातल्या, गल्लीतल्या आठ-दहा गाड्यांना फोन जोडून दिले. प्रत्येक ठिकाणी अडचणी त्याच, आणि त्या सुटतातही त्याच क्रमाने. तो क्रम इथे लिहितो आहे. गाडी अंगणात उभी करून, घाई नसताना हे करा. लळिंगच्या घाटात किंवा पारोळ्याच्या चौकात नको.

आधी हे समजून घ्या

सगळे याला सरसकट "मिररिंग" म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मिररिंग म्हणजे फोनची स्क्रीन जशीच्या तशी गाडीत दिसणं. आज बहुतेक गाड्यांत कंपनीने दिलेली सोय तशी नसते. तिथे अँड्रॉइड फोनसाठी अँड्रॉइड ऑटो किंवा आयफोनसाठी अ‍ॅपल कारप्ले असतं. यात फोन गाडीसाठी वेगळं चित्र तयार करतो: मोठी चिन्हं, मोजकी अ‍ॅप्स. नकाशा, गाणी, कॉल आणि आलेला मेसेज वाचून दाखवणं एवढंच. सगळं काम फोनच्या आत चालतं. गाडीची स्क्रीन ते चित्र दाखवते आणि तुमचं बोट कुठे लागलं ते फोनला कळवते.

हे लक्षात आलं की पुढच्या निम्म्या शंका सुटतात. इंटरनेट फोनचं लागतं, गाडीचं नाही. नकाशा अडकला तर स्टिरिओला दोष देण्याआधी फोनची रेंज बघा. फोन जुना आणि भरलेला असेल तर स्क्रीनही अडखळत चालेल.

कारप्ले २०१४ मध्ये आलं, अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये. त्या सुमारास मिररलिंक नावाची तिसरी पद्धतही होती आणि त्या काळातल्या कित्येक गाड्यांच्या स्क्रीनवर तिचं चिन्ह अजून दिसतं. तिच्या मागे लागू नका. सॅमसंगने जून २०२० मध्ये मिररलिंकची साथ सोडली आणि आजच्या फोनमध्ये ती मिळत नाही. आबांच्या गाडीतही ते चिन्ह होतं आणि त्यांचा पहिला दिवस तेच दाबण्यात गेला होता.

"पण मला यूट्यूब पण पाहिजे" असं तरुण मुलं हमखास म्हणतात. फोन जसाच्या तसा दाखवायची जुगाडं आहेत, पण मी ती कुणाला करून देत नाही. समोर व्हिडिओ चालू असला की डोळा तिकडे जातोच. फोन हातातून सुटावा आणि नजर रस्त्यावर राहावी यासाठीच तर ही खटपट आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक चालवणं धरलं जातं. पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

गाडीत सोय आहे का?

गाडी चालू करा, स्क्रीनवर होम किंवा मेनू दाबा आणि अँड्रॉइड ऑटो, कारप्ले, स्मार्टफोन, फोन प्रोजेक्शन असं एखादं चिन्ह आहे का बघा. काही गाड्यांत फोन लावेपर्यंत ते चिन्ह धूसर राहतं, म्हणजे दाबलं तरी उघडत नाही. ते नसण्यासारखं नाही, सोय आहे.

नुसतं मॉडेलचं नाव बघून खात्री धरू नका. एकाच गाडीच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये साधा ब्लूटूथ स्टिरिओ असतो आणि वरच्यात टचस्क्रीन. वापरलेली गाडी घेताना तर हे तपासाच. डॅशबोर्डच्या कप्प्यात कंपनीचं पुस्तक असेल तर "स्मार्टफोन कनेक्टिव्हिटी"चं पान काढा. पुस्तक नसेल तर ते बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर मिळतं.

स्क्रीन आहे, पण तिच्यात फक्त ब्लूटूथ, रेडिओ आणि पेन ड्राइव्हच आहे, असंही निघतं. मग कोणतंही अ‍ॅप टाकून तिच्यावर अँड्रॉइड ऑटो येणार नाही. "हे अ‍ॅप टाका, कोणत्याही गाडीत चालतं" म्हणणाऱ्यांवर वेळ घालवू नका. अशा गाडीत चांगला मोबाइल होल्डर आणि ब्लूटूथवर नकाशाचा आवाज, एवढ्यावर उत्तम काम भागतं. स्टिरिओ बदलायचाच असेल तर बसवणाऱ्याला आधी विचारा: वायर कापणार की कपलरवर (वायरींच्या तयार जोडावर) बसवणार? तुमच्या मॉडेलचा कपलर लावून, एकही वायर न कापता बसवणारा माणूस शोधा. कापलेल्या वायरमुळे वॉरंटीचा वाद होतो, स्टिअरिंगवरची बटणं किंवा मागचा कॅमेरा बंद पडू शकतो.

फोनची बाजू

अँड्रॉइड १० पासून पुढे अँड्रॉइड ऑटो फोनच्या आतच असतं. अ‍ॅप्सच्या यादीत त्याचं चिन्ह दिसत नाही म्हणून लोक घाबरतात. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधाच्या पट्टीत "अँड्रॉइड ऑटो" टाइप करा, सापडेल. मग प्ले स्टोअरमध्ये जाऊन ते आणि गुगल मॅप्स दोन्ही अपडेट करून घ्या.

आयफोनला वेगळं अ‍ॅप लागत नाही, मात्र सिरी, म्हणजे आयफोनची बोलून काम सांगायची सोय, चालू हवी. सिरी बंद असेल तर कारप्ले सुरूच होत नाही आणि स्क्रीनवर त्याचं कारण नीट लिहूनही येत नाही. मुलांसाठी स्क्रीन टाइमची बंधनं लावलेली असतील तर परवानगी दिलेल्या अ‍ॅप्समध्ये कारप्ले चालू आहे ना, तेही बघून घ्या.

केबल: खरी गोम इथेच

दहातल्या सात-आठ घरांत मला अडचण सापडली ती केबलमध्ये, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

साध्या यूएसबी केबलच्या आत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहिती नेण्याच्या. स्वस्तातल्या काही केबलमध्ये विजेच्या दोनच तारा घातलेल्या असतात. तिच्यावर फोन चार्ज होतो, बॅटरीवर विजेचं चिन्ह येतं आणि आपल्याला वाटतं केबल चांगली आहे. पण गाडीला समोर फोन आहे हे कळतच नाही. आबांनी बसस्टँडजवळच्या एका टपरीवरून घेतलेली केबल नेमकी अशीच होती.

ओळखायचं कसं? ती केबल कॉम्प्युटरला लावा. फोनवर "फाइल ट्रान्सफर" असा पर्याय आला, कॉम्प्युटरवर फोटो दिसले, तर माहितीच्या तारा आहेत. फक्त चार्जिंग सुरू झालं तर ती केबल घरातल्या चार्जरला ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे फोनच्या डब्यात आलेली मूळ केबल वापरा. लांबी एक मीटरच्या आत असावी, गुगलही आखूड केबलच वापरायला सांगतं. मागच्या सीटपर्यंत पोचणारी दोन मीटरची केबल अधूनमधून तुटक चालते. मध्ये जोड, हब, लायटरमधला चार्जर काही नको.

नव्या फोनच्या डब्यातल्या केबलला बऱ्याचदा दोन्ही टोकांना टाइप-सी असतं आणि गाडीत जुनं चपटं यूएसबी. मग एका टोकाला चपटं, दुसऱ्याला टाइप-सी अशी केबल घ्यावी लागते. दुकानात "डेटा केबल" म्हणून मागा आणि तिथेच दुकानाच्या कॉम्प्युटरला लावून बघायला सांगा.

आता गाडीतलं भोक. एकापेक्षा जास्त यूएसबी असतील तर सगळे सारखे नसतात. ज्याच्यावर नुसतं विजेचं चिन्ह आहे तो फक्त चार्जिंगचा. फोनचं, गाण्याचं किंवा यूएसबीचं त्रिशुळासारखं चिन्ह असलेला स्क्रीनशी जोडलेला असतो. मागच्या सीटचे बहुधा चार्जिंगपुरतेच.

आणि फोनचं भोक. आबांना माझी स्वतःची चांगली केबल दिली, तरी स्क्रीन ढिम्म. केबल लावली की ती पूर्ण आत जात नव्हती, सैल राहून डुगडुगायची. मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहिलं तर तळाशी करडा-पांढरा थर बसलेला. आबांकडे कापूस. वेचणीच्या दिवसांत फोन कायम सदऱ्याच्या खिशात, आणि खिशातली रुई केबलच्या प्रत्येक खेपेला आत आत दाबली गेलेली. फोन बंद केला, काडीपेटीतली काडी ब्लेडने बारीक तासली आणि कडेकडेने हळूच खरवडत गेलो. आधी धूळ आली. मग एकदम एक घट्ट गादीच बाहेर आली, नखाएवढी, दाबून दाबून पुठ्ठ्यासारखी झालेली. त्यानंतर केबल लावली तेव्हा "टक्" असा आवाज आला. तो आवाज ऐकायची सवय लावा. टाचणी किंवा सुई मात्र घालू नका, आतल्या पिना वाकतात.

पहिली जोडणी

गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. फोनचं लॉक उघडा. ब्लूटूथ चालू ठेवा, कारण केबलने जोडलं तरी अँड्रॉइड ऑटोमध्ये कॉल ब्लूटूथवरूनच जातात. आता केबल लावा आणि दहा-पंधरा सेकंद कशालाही हात लावू नका.

प्रश्न दोन ठिकाणी येतात. फोनवर एकामागून एक परवानग्या मागितल्या जातील: लोकेशन, संपर्क, कॉल, मेसेज, सूचना. वाचून "परवानगी द्या" म्हणा. लोकेशन नाकारलं तर नकाशा जागचा हलणार नाही, संपर्क नाकारले तर नाव सांगून कॉल लागणार नाही. तेवढ्यात गाडीच्या स्क्रीनवर "अँड्रॉइड ऑटो सुरू करायचं का?" असा चौकोन येतो. तिथे "होय" दाबा. आयफोनला "या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का" किंवा "लॉक असताना कारप्ले चालू द्यायचं का" असे प्रश्न येतात, त्यांनाही होकार द्या.

घाईत गाडीच्या चौकोनावर "नाही" दाबलं गेलं तर बऱ्याच गाड्या तोच प्रश्न पुन्हा विचारत नाहीत. मग गाडीच्या सेटिंग्जमध्ये कनेक्टिव्हिटी किंवा डिव्हाइस लिस्ट उघडा, तुमचा फोन शोधा आणि अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेचं बटण चालू करा. तेही जमलं नाही तर गाडीतून फोन काढून टाका, फोनमधून गाडी काढून टाका आणि पहिल्यापासून जोडा. अँड्रॉइडमध्ये "आधी जोडलेल्या गाड्या" आणि आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कारप्ले इथे ती यादी असते.

वापरलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट आडवी येते. आबांच्या गाडीत आधीच्या मालकाचे आणि त्याच्या घरच्यांचे फोन जोडलेलेच होते आणि यादी भरली होती. नवा फोन घ्यायला जागाच नाही. ते सगळे काढले तेव्हा आमचा फोन आत आला. तुम्ही गाडी विकाल तेव्हा आपले फोन असेच आठवणीने काढा, नाहीतर तुमच्या संपर्कांची यादी नव्या मालकाच्या हाती राहू शकते.

हे सगळं झाल्यावर स्क्रीन क्षणभर काळी होते आणि मग मोठ्या चिन्हांचं पान उघडतं. आबांनी त्या पानावर पहिलं बोट नकाशावर नाही, फोनच्या चिन्हावर ठेवलं आणि घरातच बसलेल्या काकूंना कॉल लावला. काकूंचा आवाज गाडीच्या चारी स्पीकरमधून आला.

वायरलेस पाहिजे असेल तर

वायर चांगली चालल्याशिवाय याकडे वळू नका. अँड्रॉइड ११ किंवा पुढचा, ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय असलेला फोन लागतो आणि गाडीतही वायरलेसची सोय असावी लागते. जोडणी ब्लूटूथने सुरू होते, पण चित्र आणि गाणं वाय-फायवरून जातं. त्यामुळे फोनचं वाय-फाय बंद करून "वायरलेस चालत नाही" म्हणू नका. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या वाटेने वळवणारं अ‍ॅप) आणि बॅटरी सेव्हर मात्र बंद ठेवा.

मोठी स्क्रीन म्हणजे वायरलेस असेलच असंही नाही. ह्युंदाई आणि कियाच्या काही मॉडेलमध्ये ८ इंची स्क्रीनला वायरलेस आणि महागड्या व्हेरिएंटच्या १०.२५ इंची स्क्रीनला वायर, असा उलटा प्रकार आहे.

बाजारात वायरलेस डोंगल मिळतात, यूएसबीत खोचायचे. ते चालतात, पण ज्या गाडीत वायरचं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले आधीपासून आहे तिथेच. नुसत्या ब्लूटूथ स्टिरिओला डोंगल लावून काही होत नाही.

खान्देशातल्या रस्त्यांसाठी

शहाद्याहून तोरणमाळला चढताना, धडगाव-मोलगीकडे, यावलच्या बाजूने मनुदेवीला जाताना रेंज येते-जाते. तिथे स्क्रीन नुसती करडी होते. म्हणून घरच्या वाय-फायवर ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. गुगल मॅप्समध्ये उजवीकडे वर आपल्या फोटोवर दाबा, "ऑफलाइन नकाशे" निवडा आणि चौकट ओढून धुळे, जळगाव, नंदुरबार बसवा. एका चौकटीत मावले नाहीत तर दोन-तीन करा. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहांवरून कळतं, त्यामुळे रेंज नसतानाही बाण सरकत राहतो. वाहतुकीची लाल-हिरवी रेघ तेवढी दिसत नाही.

पत्ता निघण्याआधी टाका आणि गावाचं नाव पूर्ण सांगा. स्टिअरिंगवरचं बोलण्याचं बटण दाबून नुसतं "पिंपळगाव" म्हटलं तर नाशिककडचं पिंपळगाव बसवंत समोर येऊ शकतं. तुम्हाला पाचोऱ्याजवळचं हवं असेल तर "पिंपळगाव हरेश्वर" म्हणा. वडगाव, शिरसोली, नेरी अशी नावं असली की तालुका जोडा. नकाशाने शेतातला रस्ता दाखवला तर पावसाळ्यात त्यावर जाऊ नका. काळ्या मातीत चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ते त्या स्क्रीनला ठाऊक नसतं.

मग ऊन. अ‍ॅपल आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो. काचेखाली डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तर त्याहून तापतो. नकाशा, वाय-फाय आणि चार्जिंग एकदम चालू असेल तर तो चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो आणि वायरलेस जोडणी तुटते. लोक म्हणतात स्टिरिओ खराब झाला. उन्हाळ्यात केबल वापरा, वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर फोन ठेवू नका, गिअरजवळच्या सावलीतल्या खणात किंवा एसीच्या झोतासमोर ठेवा. गाडी उन्हात लावून जाताना फोन आत सोडू नका.

तरीही चालत नसेल तर

पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा. दुसरी केबल लावा. फोन बंद करून चालू करा. गाडी बंद करून, दार उघडून दोन-तीन मिनिटं थांबा, कारण इंजिन बंद झालं तरी स्टिरिओ काही वेळ जागाच असतो. फोनच्या सेटिंग्जमधून अँड्रॉइड ऑटोचा कॅशे, म्हणजे साठलेली तात्पुरती माहिती, साफ करा. दुसऱ्या कुणाचा फोन त्याच गाडीत आणि तुमचा फोन दुसऱ्या गाडीत लावून बघा. दोष कुठल्या बाजूला आहे हे लगेच कळतं आणि हीच तपासणी लोक सगळ्यात शेवटी करतात.

चित्र आहे पण आवाज नाही, असं झालं तर नकाशा बोलत असतानाच आवाजाचं बटण फिरवा. गाण्याचा आणि नकाशाचा आवाज वेगवेगळा ठरलेला असतो. रिव्हर्स घातल्यावर नकाशा जाऊन कॅमेरा दिसतो, तो बिघाड नाही.

फोन बदलूनही गाडी ऐकत नसेल तर स्टिरिओचं सॉफ्टवेअर जुनं असू शकतं. काही कंपन्या ते वेबसाइटवरून पेन ड्राइव्हवर उतरवू देतात, काहींचं सर्व्हिस सेंटरमध्येच होतं. घरी करत असाल तर इंजिन चालू ठेवा आणि पूर्ण होईपर्यंत पेन ड्राइव्ह काढू नका. सर्व्हिस सेंटरला जाताना तुमचा फोन आणि तुमचीच केबल सोबत न्या. गाडी ताब्यात घेण्याआधी ती केबल स्वतःच्या हाताने लावून, नकाशा स्क्रीनवर आलेला बघा आणि मगच जॉब कार्डवर सही करा.